न मागितलेलं गाणं

आमच्या गच्चीवर पूर्वेकडच्या कठड्याला एक लोखंडी पट्टी अजून ठोकलेली आहे. तिच्यावर २००६ साली आम्ही एक छोटा अँटेना बसवला होता. वहीएवढी एक सपाट पेटी, बाकी काही नाही. तिची वायर जिन्याच्या कडेनं खाली पुढच्या खोलीत आणली होती. तिथं अब्बांचं पायाचं शिलाई मशीन होतं आणि मशीनशेजारच्या कोनाड्यात तो रेडिओ. त्यावर रात्रंदिवस जुनी हिंदी गाणी लागायची.

अब्बा टेलर. वय तेव्हा अडुसष्ट. बाजारातलं दुकान भावाकडं सोपवून ते घरीच काज-बटण, तुरपाई अशी हलकी कामं करायचे. रेडिओ माझ्या मामेभावानं पुण्याहून आणलेला. त्यानं अब्बांना सांगितलं, की हा रेडिओ थेट उपग्रहावरून ऐकू येतो. अब्बांनी आधी वर छताकडं पाहिलं, मग रेडिओकडं आणि विचारलं, "म्हणजे कोलंबोहून नाही?"

तो प्रश्न भोळा नव्हता. त्यांच्या पिढीला गाणं आकाशातून येतं हे चांगलं ठाऊक होतं. फक्त आकाश बदललं होतं. आकाशवाणीच्या स्टुडिओत बसून दुसऱ्याच्या रेडिओचं कौतुक सांगणं जरा अवघड वाटतं. पण विषय गाण्यांचा आहे, तेव्हा तुम्ही सांभाळून घ्याल.

आधी हे आकाश कसं बदललं ते थोडक्यात सांगतो. रेडिओच्या लहरी आपल्यापर्यंत निरनिराळ्या वाटांनी येतात. आकाशवाणीची मध्यमलहरींवरची केंद्रं दिवसा जमिनीलगत चालणाऱ्या लहरींवर ऐकू येतात. त्यांची मजल काही जिल्ह्यांपुरती. लघुलहरी म्हणजे शॉर्ट वेव्ह वर जातात, वातावरणाच्या उंच थरावर आदळतात आणि हजारो किलोमीटर लांब जाऊन खाली उतरतात. रेडिओ सिलोन तसं यायचं. त्या थराचा लहरीपणा गाण्यात उतरायचा. आवाज जवळ यायचा, लांब जायचा, मध्येच समुद्रासारखी घरघर व्हायची. एफएमचा आवाज स्वच्छ, पण मनोऱ्यावरून दिसेल तेवढाच त्याचा मुलूख.

उपग्रह रेडिओचा मनोराच आकाशात असतो. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्या गतीनंच फिरतो, त्यामुळं खालून तो एका जागी थांबल्यासारखा वाटतो. स्टुडिओतून गाणं त्याच्याकडं पाठवायचं आणि त्यानं ते अर्ध्या खंडावर पसरायचं. जायला ३६ हजार, यायला ३६ हजार. या प्रवासाला सुमारे पाव सेकंद लागतो. मुंबईच्या स्टुडिओत सत्तर वर्षांपूर्वी ध्वनिमुद्रित झालेलं गाणं आणखी पाव सेकंद उशिरा आलं, तर बिघडतं कुठं?

आमच्या रेडिओचा उपग्रह होता 'एशियास्टार'. १०५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे सिंगापूरच्या जरा पूर्वेला विषुववृत्ताच्या वर. आपल्याकडून पाहिलं तर आग्नेयेकडं, क्षितिज आणि डोक्यावरचं आकाश यांच्या साधारण मधोमध. त्या दिशेला अँटेना रोखला, की झालं. मात्र मध्ये काही येता कामा नये. भिंत नको, झाड नको. शेजारच्या काकूंच्या शेवग्याला पालवी फुटली, की आमचं गाणं अडखळायला लागायचं. काकू पावसाळ्याच्या तोंडाला शेवगा छाटायच्या, तोवर अँटेना इकडं सरकव, तिकडं सरकव चालायचं. अब्बा खालून ओरडून सांगायचे, "आला, आला... गेला." एकदा म्हणाले, "नमाजला पश्चिम, गाण्याला पूर्व. अल्लानं दिशा वेगळ्या ठेवल्यात ते बरं केलं."

ही सेवा होती 'वर्ल्डस्पेस' या अमेरिकी कंपनीची. कंपनी १९९० साली उभी केली नोआ समारा यांनी. जन्मानं ते इथिओपियाचे. आफ्रिकेत एड्स पसरत होता आणि तो कसा टाळावा ही साधी माहिती लोकांपर्यंत पोचत नव्हती. त्याबद्दल वाचताना त्यांच्या मनात आलं, की जिथं रस्ते आणि मनोरे नाहीत तिथं आकाशातून रेडिओ का पोचवू नये? त्यातून १९९८ मध्ये 'आफ्रिस्टार' आणि २००० मध्ये 'एशियास्टार' हे उपग्रह फ्रेंच गयानातल्या कुरू इथून सोडण्यात आले. लोकांना आजारापासून वाचवायला निघालेली ही कल्पना आमच्या पुढच्या खोलीत तलत मेहमूदचा आवाज घेऊन आली. कल्पनांचं असंच असतं. त्या कुणाच्या घरी उतरतील ते सांगता येत नाही.

भारतात वर्ल्डस्पेसनं वर्गणी घेऊन वाहिन्या ऐकवायला सुरुवात केली. मध्ये जाहिराती नाहीत, हे मोठं आकर्षण होतं. ओळखीची धून ए. आर. रहमान यांनी बांधलेली. हिंदुस्थानी संगीताला 'गंधर्व', कर्नाटक संगीताला 'श्रुती', उर्दू गजल-कव्वालीला 'फलक', मराठीसाठी 'सुरभी' आणि जुन्या हिंदी चित्रपटगीतांसाठी 'फरिश्ता'. आमच्याकडं सुई 'फरिश्ता'वर अडकलेली. म्हणजे सुई नव्हतीच, बटणं होती. पण अब्बा "सुई हलवू नका" असंच म्हणायचे.

एका काळासाठी एक वाहिनी राखून ठेवायची, ही कल्पना अमेरिकेत फार पद्धतशीरपणे राबवली गेली. 'एक्सएम' ही तिथली उपग्रह रेडिओ कंपनी २००१ मध्ये सुरू झाली. 'सिरियस' २००२ मध्ये. २००८ मध्ये दोन्ही एक झाल्या. एक्सएमनं दशकांना क्रमांकच वाटून दिले होते. चाळीसचं दशक ४ नंबरवर, पन्नासचं ५ वर, साठचं ६ वर, असं करत नव्वदचं ९ वर. श्रोत्यानं बटण दाबायचं आणि आपल्या तरुणपणात शिरायचं. नुसती गाणी वाजवून ते थांबले नाहीत. त्या काळचे लोकही आणून बसवले. न्यूयॉर्कच्या रेडिओवर साठच्या दशकात गाजलेले निवेदक ब्रूस मॉरो, ज्यांना लोक 'कझिन ब्रूसी' म्हणत, २००५ पासून २०२० पर्यंत सिरियसवर, पुढं सिरियस-एक्सएमवर, तीच गाणी त्याच उत्साहानं सांगत होते. ऐंशीच्या दशकाच्या वाहिनीवर एमटीव्हीचे पहिले निवेदक बोलावले गेले. गाण्याचा काळ जपायचा, तर ते गाणं सांगणारा आवाजही जपावा लागतो, हे त्यांना कळलं होतं.

पण क्रमांकांची पुढची गोष्टही ऐका. २०१५ मध्ये चाळीसचं दशक ४ नंबरवरून उठलं. २०२१ मध्ये पन्नास आणि साठ ही दशकंही ५ आणि ६ सोडून सत्तरच्या पुढच्या क्रमांकांवर गेली. वाहिन्या चालू राहिल्या, पण पुढच्या रांगेतून मागं सरकल्या. लग्नाच्या पंगतीत म्हातारी मंडळी हळूहळू कडेच्या खुर्च्यांवर जातात, तसं. ज्या दशकाचे श्रोते कमी होतात, त्या दशकाची जागा कमी होते. हा बाजाराचा हिशोब आहे आणि त्याच्यापुढं कुणाचं चालत नाही.

आता आपलं दशक. पन्नासचं दशक म्हटलं की लोक सुवर्णकाळ म्हणून मोकळे होतात. पण त्या सोन्याला तेव्हा काय किंमत होती? १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे जाणकार. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत होतं. आकाशवाणीवर या गाण्यांचं प्रमाण कमी करण्यात आलं. चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे जाहिरात, म्हणून ते सांगायचं नाही असंही ठरलं. निर्मात्यांनी गाणी वाजवायचे परवाने काढून घेतले आणि देशाच्या रेडिओवरून चित्रपटगीत जवळजवळ नाहीसं झालं.

ते गेलं कोलंबोला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेले तगडे प्रक्षेपक रेडिओ सिलोनकडं होते. डिसेंबर १९५२ मध्ये तिथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित करायचे, त्याच्या फिती विमानानं कोलंबोला जायच्या आणि तिथून गाणं आकाशमार्गे पुन्हा भारतात यायचं. मुंबईचं गाणं मुंबईला समुद्रापलीकडून ऐकावं लागायचं! आज ज्या दशकासाठी आपण वाहिन्या काढतो, ते दशक त्याच्या ऐन भरात आपल्याच रेडिओवर नकोसं झालं होतं.

केसकरांची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्यांच्याच काळात १९५२ मध्ये संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम आणि १९५४ मध्ये आकाशवाणी संगीत संमेलन सुरू झालं. चित्रपटगीतांना पर्याय म्हणून सुगम संगीताला जागा मिळाली. पुणे केंद्रावर १९५५-५६ मध्ये गदिमा आणि सुधीर फडके यांचं 'गीतरामायण' ५६ गीतांनी वर्षभर गाजलं, ते याच दिवसांत. आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, तीही केसकर मंत्री असतानाच. श्रोत्यांनी कोलंबोची सुई सोडली नाही, तेव्हा सरकारला आपली सुई हलवावी लागली.

दशक म्हणजे काय, हाही एक प्रश्नच आहे. कॅलेंडर सांगतं १९५१ ते १९६०. कान तसं मानत नाहीत. १९४९ च्या 'महल', 'बरसात', 'अंदाज' यांना पन्नासच्या दशकाबाहेर ठेवून बघा, कोण ऐकून घेईल? शिवाय त्या काळच्या गाण्याची लांबी ठरवली होती लाखेच्या तबकडीनं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपास मावायचं. पडद्यावरच्या गाण्यात एखादा अंतरा जास्त असला, तर तो तबकडीवर गळायचा. रेडिओ वाजवायचा तबकडी. म्हणून कित्येक गाण्यांचे शेवटचे अंतरे सिनेमा उतरला की लोकांच्या कानावरून गेले. कवी म्हणून मला याचं वाईट वाटतं. कात्री नेहमी शब्दांवर चालते, वाद्यांच्या तुकड्यावर क्वचितच.

हिशोब करा. त्या दशकात हिंदीत वर्षाला शंभराच्या आसपास चित्रपट निघायचे. एकेका चित्रपटात आठ-दहा गाणी. म्हणजे दहा वर्षांत दहा हजारांच्या घरात गाणी. त्यातली आपल्याला आठवतात किती? पाचशे? जुन्या गाण्यांची वाहिनी दोन प्रकारे चालवता येते. एक, लोकांना आठवणारी पाचशे गाणी आलटून पालटून लावायची. अमेरिकेत तर गाण्यांचे काही सेकंदांचे तुकडे श्रोत्यांना ऐकवून पसंती विचारतात आणि पास होतील तीच गाणी ठेवतात. दुसरा प्रकार धोक्याचा. उरलेल्या साडेनऊ हजारांतलं एखादं गाणं कुणी मागितलेलं नसताना लावायचं. पहिल्या प्रकारात आपल्याला आपली आठवण परत मिळते. दुसऱ्यात काय मिळतं, ते मी २००७ च्या उन्हाळ्यात पाहिलं.

अब्बा तुरपाई करताना एक चाल गुणगुणायचे. शब्द अर्धवट, मुखड्यातले चार-पाच आणि पुढं नुसतं हूं-हूं. आम्ही भावंडं ती चाल ऐकत मोठे झालो. कुठलं गाणं, विचारलं तर सांगता येत नसे. पंधरा वर्षांचे असताना ते एका उस्तादाच्या दुकानात काज करायला बसत. समोरच्या हॉटेलात रेडिओ होता. त्यावर दोन-तीन वेळा हे गाणं लागलेलं. सिनेमा पडला असावा, पुन्हा कधी लागलं नाही. अम्मा म्हणायची, "असं गाणंच नाही. यांनी शिवलंय ते." आम्हालाही तसंच वाटायचं.

त्या दुपारी मी पेपर वाचत बसलो होतो. 'फरिश्ता'वर एक गाणं सुरू झालं आणि मशीनचा आवाज थांबला. मी वर पाहिलं. अब्बांचा पाय पायट्यावर तसाच, हात कापडावर तसेच. तीच चाल होती. आमच्या घरात पन्नास वर्षं हूं-हूं म्हणून राहिलेल्या जागांवर शब्द येत होते. अब्बांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. पहिला अंतरा झाला. दुसऱ्या अंतऱ्याची पहिली ओळ झाली आणि लाइट गेली.

२००७ चं भारनियमन तुम्हाला आठवत असेल. आमच्या गावाला दुपारचे कित्येक तास वीज नसायची. रेडिओ मुका झाला. मी चिडून उठलो. पण चिडून काय करणार? अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी पाय हलवला. पायाच्या मशीनला वीज लागत नाही. मशीन चालू झालं आणि त्याच्या तालावर त्यांनी उरलेला अंतरा पूर्वीसारखाच, हूं-हूं करत पुरा केला. शेवटी मला विचारलं, "कौन लिख्या रे ये?"

आमच्या घरी हा प्रश्न प्रत्येक गाण्याला विचारला जायचा. अब्बा शाळेत चौथीपर्यंत उर्दू शिकलेले. गाण्याबद्दल त्यांचं एक मत होतं. "कापड शायरचं. शिलाई संगीतकाराची. अंगावर घालून मिरवतो तो गायक. आणि लोक नाव विचारतात ते फक्त मिरवणाऱ्याचं." मी कविता लिहितो, त्याही मराठीत, याचं त्यांना कौतुक होतं की काळजी, हे मला नीट कधी कळलं नाही. पण गाणाऱ्याच्या आधी लिहिणाऱ्याला विचारायची सवय मला त्यांच्याकडून लागली.

हा प्रश्न एका टेलरचाच नव्हता. साहिर लुधियानवी यांनी रेडिओवर गायक आणि संगीतकाराबरोबर गीतकाराचंही नाव घेतलं जावं, असा आग्रह धरला होता. त्याआधी तर गायकांचीही नावं राहून जायची. 'महल'मधलं ते प्रसिद्ध गाणं तबकडीवर आलं, तेव्हा गायिका म्हणून पडद्यावरच्या पात्राचं, म्हणजे 'कामिनी'चं नाव छापलं होतं. श्रोत्यांनी ही कोण म्हणून विचारलं, तेव्हा रेडिओवरून लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. ते नाव पुढं सगळ्या जगाला पाठ झालं. पण ते गाणं लिहिणारे नक्शब जारचवी? त्यांचं नाव आज किती जणांना सांगता येईल?

अब्बांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी कोल्हापूरला एका गृहस्थांकडं गेलो. त्यांच्याकडं जुन्या तबकड्यांनी भरलेली एक खोली आहे. त्यांनी तबकडी शोधायच्या आधी एक जाडजूड ग्रंथ काढला, 'हिंदी फिल्म गीत कोश'. कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी हा कोश नोकरी सांभाळून तयार केला. खंड दशकांप्रमाणे. १९३१ ते १९४० चा एक, १९४१ ते १९५० चा एक, असे. १९५१ ते १९६० चा खंड १९८० साली निघाला. त्यात प्रत्येक चित्रपट, त्यातलं प्रत्येक गाणं, गायक, संगीतकार, गीतकार, तबकडीचा क्रमांक. एका दशकाला वाहिलेली ही खरी वाहिनी, फक्त ती कागदाची आहे. तिला उपग्रह लागत नाही.

अब्बांच्या गाण्याचा मुखडा मी गुणगुणून दाखवला. अर्ध्या तासानं गृहस्थांनी पानावर बोट ठेवलं. चित्रपट सापडला, साल सापडलं, गायक सापडला. गीतकारांच्या जागी मात्र दोन नावं होती. चित्रपटाची गाणी दोघांनी मिळून लिहिलेली, कुठलं कुणाचं याची फोड नाही. जुन्या चित्रपटांत असं पुष्कळ ठिकाणी आहे. ज्यांच्याकडून ही माहिती मिळाली असती, ते लोक विचारायच्या आधीच गेले.

मी घरी येऊन अब्बांना दोन्ही नावं सांगितली. त्यांनी ती कापडाच्या मापांच्या वहीत उर्दूत लिहून घेतली. म्हणाले, "चलो, दो में से एक तो है." ते गाणं कुठलं, हे मी इथं सांगणार नाही. ते त्यांचं आहे.

२००९ च्या मे महिन्यात अब्बा गेले. रेडिओ मी फडक्यात गुंडाळून ठेवला. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला वर्ल्डस्पेसची भारतातली सेवा बंद झाली, हे मला पेपरातून कळलं. कारणं सरळ होती. उपग्रह बनवणं, सोडणं आणि चालवणं याचा खर्च अफाट, आणि वर्गणीदार त्यामानानं थोडे. त्यांतले बहुसंख्य भारतातलेच. अमेरिकेत उपग्रह रेडिओ तगला तो मोटारींमुळं. तिथं शहरांत उंच इमारतींच्या आड संकेत पोचवायला जमिनीवर सहायक प्रक्षेपक उभे केले गेले आणि नव्या गाड्यांतच रेडिओ बसवून मिळू लागले. आपल्याकडं २००५ मध्ये 'ट्राय'नं उपग्रह रेडिओच्या धोरणाबाबत शिफारशी केल्या. पण ते धोरण प्रत्यक्षात आलं नाही. गच्चीवर अँटेना लावून ऐकणारे किती असणार? ऑक्टोबर २००८ मध्येच कंपनीनं अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला होता.

त्या दिवशी एकही गाणं नष्ट झालं नाही, हे लक्षात घ्या. तबकड्या होत्या, फिती होत्या, संगणकात गाणी होती. आज तर गाणी मिळवणं कधी नव्हतं एवढं सोपं आहे. २०१७ मध्ये 'सारेगामा'नं 'कारवां' काढला. जुन्या रेडिओसारखी पेटी, आत पाच हजार गाणी भरलेली. अमीन सयानींची 'गीतमाला'ही त्यात आहे. अमीनसाहेब २०२४ मध्ये गेले, त्यांचा आवाज पेटीत राहिला. ज्यांचे आईवडील थकलेले आहेत, त्यांच्या घरी ही पेटी मी पाहिली आहे आणि ती चांगली सोबत करते. हातातल्या फोनवर तर त्याहून किती तरी जास्त गाणी आहेत.

पण फोनवर गाणं ऐकायला बहुधा आधी ते गाणं माहीत असावं लागतं. नाव टाकलं, तर मिळतं. अब्बांना नावच माहीत नव्हतं. तेव्हा हूं-हूं कुठं टाकणार होते? फोन आपण होऊन गाणी सुचवतोही, पण तो आपण काल काय ऐकलं ते बघून सुचवतो. म्हणजे त्याच पाचशे गाण्यांच्या अंगणात फिरवत राहतो. आणि गाण्याखाली बहुधा गायकाचं नाव दिसतं. लिहिणारा कोण, हे शोधायला बोट बरंच खाली सरकवावं लागतं.

'फरिश्ता'वर त्या दुपारी हे गाणं लावणारा कुणीतरी माणूस होता, असं मी धरून चालतो. त्याला आमचं गाव ठाऊक नव्हतं, अब्बा ठाऊक नव्हते. त्यानं एवढंच केलं, की कुणी मागितलं नव्हतं ते गाणं लावलं. गाणं कपाटात सुरक्षित असणं वेगळं आणि कुणाच्या तरी कानावर पडणं वेगळं. वाहिनी बंद होते तेव्हा गाणी जात नाहीत, पण ती न मागता आपल्या घरी घेऊन येणारा माणूस जातो. दशक असं मरतं. गाणी शाबूत राहून.

म्हणून विविध भारतीसारखी वाहिनी अजून आहे, फोनवरच्या अ‍ॅपवरही ती ऐकता येते, याचं मला मोल वाटतं. तिथं अजून निवेदक बसतो आणि चित्रपट, गायक यांच्याबरोबर संगीतकाराचं आणि गीतकाराचं नाव सांगतो. घरात तुम्हीही एक करू शकता. वडीलधारं माणूस काही अर्धवट गुणगुणत असेल, तर ते फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. त्यांना ते गाणं कुठं ऐकलं, कधी ऐकलं, विचारा. आम्ही विचारायला पन्नास वर्षं लावली. अब्बांची ती हूं-हूं मात्र माझ्याकडं नाही. गाण्याची नक्कल पुढं त्या कोल्हापूरच्या गृहस्थांनी करून दिली. ती पूर्ण आहे, शब्दही स्पष्ट आहेत. पण माझे कान मशीनच्या तालावरचीच चाल शोधत राहतात.

भाषण संपलं की इथं एक गाणं लावतात, अशी पद्धत आहे. कुठलं लावायचं ते मी सुचवलेलं नाही. ते निवेदकांनी ठरवावं. फक्त एक विनंती त्यांना बाहेरच करून ठेवली आहे. सगळ्यात आधी लिहिणाऱ्याचं नाव घ्या. दोन असतील, तर दोन्ही घ्या.